अठ्ठाविसाव्या वर्षीचा नवखा : केनी वॉशिंग्टन

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे आम्हाला शाळेपासून ऐकवले जाते. घड्याळ धावणाऱ्याचे आडनाव विचारत नाही, चेंडू फलंदाजाची वस्ती विचारत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरेही आहे. पण मैदानाच्या दाराशी घड्याळ बसलेले नसते, तिथे माणूस बसलेला असतो, आणि तो सगळे विचारतो. पळवणकर बाळूंच्या फिरकीपुढे गोऱ्यांनी नांगी टाकली, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही, ते पुढे १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल यांना मिळाले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आज आम्ही अमेरिकेतल्या अशाच एका दाराची हकिकत सांगणार आहोत. त्या दारासमोर एक माणूस आपल्या उमेदीची सहा वर्षे उभा राहिला. दार उघडले तेव्हा त्याचे गुडघे गेले होते. तरीही तो आत गेला. त्याचे नाव केनी वॉशिंग्टन.

जॅकी रॉबिन्सनचे नाव आपल्या चळवळीतल्या तरुणांना ऐकून तरी माहीत असते. १५ एप्रिल १९४७ रोजी तो बेसबॉलच्या बड्या लीगमध्ये उतरला आणि तिथली वर्णबंदी मोडली. पण त्याच्या तेरा महिने आधी अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगची, म्हणजे एनएफएलची, वर्णबंदी ज्याच्या सहीने मोडली तो केनी. हे दोघे एकाच कॉलेजच्या एकाच संघात खेळलेले. एकाचे नाव पाठ्यपुस्तकात गेले, दुसऱ्याचे त्याच्या स्वतःच्या देशातही कित्येकांना ठाऊक नाही.

पुढचे समजण्यासाठी हा खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकायचे, चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू काखेत घेऊन माणसांच्या भिंतीतून घुसणारा गडी म्हणजे रनिंग बॅक. समोरचे अकराजण त्याला आडवा पाडायलाच उभे असतात आणि नियमच त्यांना तशी मुभा देतो. म्हणून या खेळात रनिंग बॅकचे आयुष्य फार थोडे. बाविसाव्या वर्षी तो ऐन भरात असतो, अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा उतार सुरू झालेला असतो. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा.

केनीचा जन्म ३१ ऑगस्ट १९१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. बाप एडगर, सगळे त्याला ब्लू म्हणत, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीगमध्ये खेळलेला आणि नंतर सिनेमांत छोटी कामे करणारा. तो घरी फारसा नसे. पोर वाढले ते आजीच्या आणि काकाच्या आधाराने. काका रॉकी लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यात होता आणि पुढे तिथे लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. त्या काळी कृष्णवर्णीय माणसाने हे करणे साधी गोष्ट नव्हती. लिंकन हाइट्स नावाच्या वस्तीत शेजारपाजार बहुतेक इटालियन स्थलांतरितांचा. त्या पोरांबरोबर खेळत केनी मोठा झाला. १९३५ साली त्याच्या लिंकन हायस्कूलने फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींत शहराचे विजेतेपद मिळवले, ते मुख्यतः या एका मुलाच्या जोरावर.

तिथून तो यूसीएलएमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत गेला. दक्षिणेकडची विद्यापीठे कृष्णवर्णीयांना वर्गातही घेत नव्हती त्या काळात या विद्यापीठाच्या संघात १९३९ साली केनी, वुडी स्ट्रोड आणि जॅकी रॉबिन्सन एकत्र खेळत होते. त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. सहा जिंकले, चार बरोबरीत सुटले. केनी टेलबॅक होता. तेव्हाच्या सिंगल विंग नावाच्या पद्धतीत टेलबॅक म्हणजे संघाचे इंजिन. चेंडू थेट त्याच्याकडे यायचा, मग पळायचे की फेकायचे हे तो ठरवायचा. बचावाच्या वेळी मैदान सोडायचे नाही, तिथेही उभे राहायचे. त्या हंगामात संघाच्या ६०० मिनिटांपैकी ५८० मिनिटे तो मैदानावर होता. धावून आणि फेकून त्याने १३७० यार्ड कमावले, सबंध देशातल्या कॉलेजांत सर्वांत जास्त. सबंध देशात, हे आम्ही मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण गुणवत्ता नव्हती म्हणून घेतले नाही असे म्हणायला जागाच उरत नाही.

९ डिसेंबर १९३९. कोलिझियम स्टेडियमवर यूसीएलए विरुद्ध त्याच शहरातले दुसरे विद्यापीठ यूएससी. प्रेक्षक १ लाख ३ हजारांवर. सामना शून्य-शून्य बरोबरीत सुटला. शेवटची काही सेकंदे उरली असताना केनी मैदानाबाहेर निघाला तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले. यूएससीच्या बाजूचे गोरे प्रेक्षकसुद्धा उभे राहिले. स्ट्रोडने आयुष्यभर त्या आवाजाची आठवण सांगितली.

आणि त्याच दिवशी, ९ डिसेंबरलाच, दूर मिलवॉकीच्या एका हॉटेलात एनएफएलचे मालक बसले होते. पुढच्या वर्षी कॉलेजांतून कोणाला उचलायचे याची निवड चालली होती. त्यांनी दोनशे नावे घेतली. देशात सर्वांत जास्त यार्ड काढणाऱ्याचे नाव त्या दोनशेंत नव्हते. एक लाख माणसे उभी राहिली आणि दहा संघांच्या मालकांपैकी एकाने हात वर केला नाही. याला आम्ही योगायोग म्हणत नाही.

बंदी कुठल्या नियमात लिहिलेली होती? कुठल्याही नाही. तिथेच या व्यवस्थेची हुशारी आहे. एनएफएल १९२० मध्ये सुरू झाली तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडू तिच्यात होते. फ्रिट्झ पोलार्ड नावाचा रनिंग बॅक पहिल्याच हंगामात खेळला आणि पुढच्याच वर्षी संघाचा प्रशिक्षकही झाला. ज्यांच्या आवाजाने पुढे जग हलवले ते पॉल रोबसन कायद्याचे शिक्षण घेता घेता या लीगमध्ये दोन हंगाम खेळले. १९३३ पर्यंत असे तेराजण होऊन गेले. शेवटचे दोघे, शिकागो कार्डिनल्सचा जो लिलार्ड आणि पिट्सबर्गचा रे केम्प. १९३४ पासून एकही नाही. बारा वर्षे एकही नाही. मालकांना विचारले की ते म्हणत, असा काही नियम आमच्याकडे नाही, लायक खेळाडू सापडत नाहीत. यात पुढाकार कोणाचा, यावर अभ्यासकांचे बोट बहुतेक वेळा जॉर्ज प्रेस्टन मार्शल या मालकाकडे जाते. त्याचा संघ आधी बोस्टनमध्ये होता, १९३७ मध्ये वॉशिंग्टन शहरात गेला. पण एकट्या मार्शलच्या माथी मारून बाकीच्यांना मोकळे सोडणे आम्हाला पटत नाही. एकाने भिंत बांधायची आणि नऊजणांनी तिच्या सावलीत बसायचे, हा प्रकार आपण जवळून पाहिलेला आहे.

ऑगस्ट १९४० मध्ये केनीला शिकागोला बोलावणे आले. दर वर्षी तिथल्या सोल्जर फील्डवर कॉलेजांतल्या निवडक खेळाडूंचा संघ आणि आदल्या वर्षीचा एनएफएल विजेता यांचा सामना होई. हंगाम सुरू होण्याआधीचा हा सर्वांत मोठा सामना. कॉलेजच्या संघात कोण खेळणार हे मालक ठरवत नसत, म्हणून केनी त्यात होता. ग्रीन बे पॅकर्सने तो सामना ४५-२८ असा जिंकला, पण केनीने त्यांच्यावर टचडाऊन केले. शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस यांनी त्याला शिकागोत थोडे थांबायला सांगितले आणि इतर मालकांकडे विचारणा केली, असे सांगितले जाते. केनी थांबला. मग नकार आला. त्याच्याबरोबर त्या संघात खेळलेली गोरी पोरे आपापल्या एनएफएल संघांच्या सरावाला गेली. केनी घरी परतला. तेव्हा तो बाविसाव्या वर्षात होता.

पुढची सहा वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यात सांगण्यासारखी करून ठेवली गेली. काकासारखाच तो पोलिसात गेला. पॅसिफिक किनाऱ्यावर एक छोटी व्यावसायिक लीग होती, तिच्यात हॉलिवूड बेअर्सकडून खेळला. तिथे तो सर्वांत मोठे नाव होता, तिकिटे त्याच्या नावावर खपत. पण ती लीग देशाच्या वर्तमानपत्रांत नव्हती, तिचे आकडे कोणी नीट मांडून ठेवले नाहीत. याच वर्षांत त्याचा गुडघा मोडला, दुरुस्त झाला, पुन्हा मोडला. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. युद्धात गुडघ्यामुळे त्याला आघाडीवर घेतले नाही. स्ट्रोड त्याच्याबरोबर होता. दोघेही तिशीकडे सरकत होते.

मग १९४६ उजाडले. क्लीव्हलंड रॅम्स हा संघ १९४५ चा एनएफएल विजेता होता, पण मालक डॅन रीव्हज याला तोटा होत होता. त्याने संघ लॉस एंजेलिसला न्यायचे ठरवले. त्याला हवे होते कोलिझियम, तेच एक लाख माणसांचे स्टेडियम. आणि इथे मालकांच्या बारा वर्षांच्या गुपचूप कारभाराला पहिल्यांदा खीळ बसली. कारण कोलिझियम कोणा मालकाचे खासगी आवार नव्हते. ते लोकांच्या कराच्या पैशातून उभे राहिले होते आणि सार्वजनिक आयोगाच्या ताब्यात होते. त्या करात कृष्णवर्णीयांचाही पैसा होता.

१५ जानेवारी १९४६ रोजी या आयोगापुढे रॅम्सच्या अर्जाची सुनावणी झाली. तिथे हॅली हार्डिंग उभे राहिले. हार्डिंग हे लॉस एंजेलिस ट्रिब्यून या कृष्णवर्णीयांच्या छोट्या पत्राचे क्रीडालेखक, एके काळचे स्वतः खेळाडू. आपल्याकडे छोट्या पत्रांची जी किंमत प्रस्थापित करतात तीच तिकडेही होती. गोऱ्यांच्या बड्या दैनिकांनी बारा वर्षांत हा प्रश्न लावून धरला नव्हता. हार्डिंग यांनी आयोगाला पोलार्डपासून लिलार्डपर्यंतचा इतिहास ऐकवला. १९३३ नंतर काय झाले ते सांगितले, मार्शलचे नाव घेतले, नुकत्याच संपलेल्या युद्धात कृष्णवर्णीय सैनिक लढले ते कशासाठी हे विचारले. आणि जनतेच्या पैशाचे मैदान जनतेतल्या एका भागाला बाहेर ठेवणाऱ्या संघाला कसे देता, असा सरळ प्रश्न टाकला. रॅम्सचे व्यवस्थापक चाइल वॉल्श यांनी सांगितले की असा कोणताही नियम लीगमध्ये नाही. नियम नाही ना, मग केनी वॉशिंग्टनला घ्या. नाही म्हणायला वॉल्श यांच्याकडे जागा उरली नाही. पिट्सबर्ग कुरिअरचे हर्मन हिल आणि इतर कृष्णवर्णीय पत्रकारांनी त्यानंतरही पाठ सोडली नाही.

२१ मार्च १९४६ रोजी केनीने रॅम्सच्या करारावर सही केली. आम्ही या तारखेवर थोडे थांबतो. ही सही मालकाच्या उदारपणाची देणगी नव्हती. मार्चमध्ये रीव्हज आणि वॉल्श यांना केनीतली गुणवत्ता अचानक दिसू लागली असे नाही. ती १९३९ मध्ये एक लाख माणसांना दिसली होती. मार्चमध्ये त्यांना दिसले ते स्टेडियम. एका छोट्या पत्राच्या लेखकाने स्टेडियम आणि माणूस यांची गाठ बांधून दाखवली, म्हणून ही सही झाली. तरी इतिहास सांगताना बहुतेक ठिकाणी मालकाचे नाव आधी येते, हार्डिंग यांचे नंतर, आणि कधी येतही नाही.

सही झाल्यावर केनीच्या गुडघ्यावर आणखी एक शस्त्रक्रिया झाली. दौऱ्यांवर खोलीत सोबतीला कोणीतरी लागणार होते आणि गोरा खेळाडू त्याच्या खोलीत राहील अशी व्यवस्थापनाची अपेक्षा नव्हती. केनीने स्ट्रोडचे नाव सांगितले. मे महिन्यात स्ट्रोडलाही करार मिळाला. तो तेव्हा जवळजवळ बत्तीस वर्षांचा होता.

त्याच उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. कॅबिनेट मिशनने अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची दखल घेतली नव्हती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्वस्थ होते. अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेत आहेत हे वाचून जुलै १९४६ च्या आरंभी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती सारखी आहे, असे कळवून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांनी महिनाअखेरीस उत्तर दिले. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात ही पत्रे जात होती तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये एक कृष्णवर्णीय गडी शिवलेला गुडघा घेऊन सरावाची तयारी करत होता. केनीला या पत्राची खबर असण्याचे कारण नाही. पण काळ एकच होता, आणि दारेही त्याच जातीची होती.

आता सराव ते हंगाम हा प्रवास पाहू. नवख्या खेळाडूसाठी, ज्याला तिकडे रूकी म्हणतात, ऑगस्टमधले सरावसामने म्हणजे परीक्षाच. त्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले जात नाहीत, पण कोण संघात राहणार आणि कोण घरी जाणार हे तिथेच ठरते. केनीसाठी ही परीक्षा आणखी वेगळी. बाकीचे नवखे कॉलेजातून थेट आलेले, बावीस-तेवीसचे. हा देशातला एके काळचा सर्वांत मोठा खेळाडू, आणि कागदावर मात्र नवखा.

त्याला नवी पद्धतही शिकायची होती. रॅम्स टी नावाच्या रचनेने खेळत. तिच्यात चेंडू क्वार्टरबॅककडे येतो, फेकायचे ठरवणारा तोच. मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकने हातात दिलेला चेंडू घेऊन ठरलेल्या फटीतून घुसायचे. ज्या माणसाने संघाचे इंजिन म्हणून नाव कमावले होते त्याचे अर्धे कसब या रचनेत कामाचेच उरले नाही. क्वार्टरबॅकच्या जागी बॉब वॉटरफिल्ड होता, तोही यूसीएलएचाच, केनीच्या नंतरचा आणि गोरा. त्याने केनीला सन्मानानेच वागवले असे सगळे सांगतात. केनीला फुलबॅक करण्यात आले, म्हणजे भिंतीवर सरळ धडक मारणारा. ज्याचे गुडघे दुखावले आहेत त्याला धडकेचे काम.

२३ ऑगस्ट १९४६ रोजी रॅम्स शिकागोच्या सोल्जर फील्डवर उतरले. आदल्या वर्षीचा विजेता विरुद्ध कॉलेजांतल्या निवडक खेळाडूंचा संघ. तोच सामना, तेच मैदान, तोच महिना. १९४० मध्ये केनी कॉलेजच्या बाजूने आला होता आणि खेळ दाखवूनही परत पाठवला गेला होता. सहा वर्षांनी तो विजेत्यांच्या संघाबरोबर आला. समोर बाविशीची पोरे होती. विजेता रॅम्स ०-१६ असा हरला. आठ दिवसांनी, ३१ ऑगस्टला, केनीला अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली.

सप्टेंबरच्या आरंभी कोलिझियमवर रॅम्सचा पहिला घरचा सामना झाला, तोही सरावाचाच. पाहुणा संघ कोणता, तर मार्शलचा वॉशिंग्टन. ज्याच्या अंगणात कृष्णवर्णीयाला पाय ठेवू दिला जात नव्हता, त्याला आपला संघ घेऊन यावे लागले ते दोन कृष्णवर्णीयांना करार दिलेल्या संघाच्या मैदानावर. साठ हजारांवर लोक आले. रॅम्सने १६-१४ असा सामना जिंकला.

आणि मग २९ सप्टेंबर १९४६. हंगामाचा पहिला सामना, कोलिझियम, समोर फिलाडेल्फिया ईगल्स. रॅम्स १४-२५ ने हरले. केनी थोडाच वेळ मैदानावर होता. टाळ्यांचा गडगडाट, धावत जाऊन टचडाऊन, असे काही घडले नाही. सिनेमात घडते तसे आयुष्यात घडत नाही. पण १९३३ नंतर पहिल्यांदा एनएफएलच्या गुणतक्त्यात धरल्या जाणाऱ्या सामन्यात एक कृष्णवर्णीय उतरला. बारा हंगामांची रिकामी रांग तिथे संपली.

त्या पहिल्या हंगामात त्याला सबंध वर्षात फक्त २३ वेळा चेंडू मिळाला. त्यात त्याने ११४ यार्ड काढले आणि एक टचडाऊन. सरासरी दर वेळी जवळजवळ पाच यार्ड, जी या खेळात चांगली मानतात. चेंडू इतका थोडा का दिला, याचे उत्तर गुडघ्यात आहे की कातडीच्या रंगात, हे आज कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. मैदानावर काय सोसावे लागले ते मात्र त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितले आहे. खाली पडल्यावर गुडघे आणि कोपरे खुपसणे, शिट्टी झाल्यावर लाथ, मैदानावर रेषा आखायची पांढरी भुकटी डोळ्यांत चोळणे. केनी उठायचा आणि जागेवर जाऊन उभा राहायचा. शिकागोच्या एका दौऱ्यात संघाच्या बड्या हॉटेलात या दोघांना खोली मिळाली नाही, त्यांच्या हाती पैसे देऊन दुसरीकडे जायला सांगितले. ते कृष्णवर्णीय वस्तीतल्या हॉटेलात गेले. स्ट्रोडने आत्मचरित्रात लिहिले आहे की नंतर परत येण्याचा निरोप आला, तेव्हा दोघांनी तो नाकारला. आपल्या लोकांत चांगले संगीत ऐकत बसलो आहोत, इथेच बरे आहोत, असा त्यांचा भाव होता. आम्हाला हा नकार करारावरच्या सहीइतकाच मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी दुसऱ्या एका नव्या लीगमध्ये क्लीव्हलंड ब्राऊन्सने मॅरियन मोटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीयांना घेतले. डिसेंबरमध्ये मायामीच्या सामन्याला त्या दोघांना नेताच आले नाही, कारण फ्लोरिडात काळे आणि गोरे एकत्र खेळणे चालत नव्हते. स्ट्रोडला रॅम्सने एकाच हंगामानंतर काढून टाकले. तो कॅनडात जाऊन खेळला आणि पुढे सिनेमात मोठा झाला. या लीगमधले ते वर्ष त्याने आयुष्यातले वाईट वर्ष म्हणून आठवले.

केनीला मात्र दुसरा हंगाम मिळाला. १९४७ मध्ये चेंडू ६० वेळा हाती आला आणि त्याने ४४४ यार्ड काढले. दर वेळी सरासरी ७.४ यार्ड. त्या वर्षी सबंध एनएफएलमध्ये ही सरासरी सर्वांत जास्त होती. एकोणतिसाव्या वर्षी, त्या गुडघ्यांवर. २ नोव्हेंबरला शिकागो कार्डिनल्सविरुद्ध त्याने आपल्याच टोकाजवळून चेंडू घेतला आणि ९२ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केले. कार्डिनल्स म्हणजे त्या वर्षाचे पुढे विजेते ठरलेले, आणि बंदीआधीचा शेवटचा कृष्णवर्णीय रनिंग बॅक लिलार्ड ज्यांच्याकडून खेळला तो संघ. ज्यांनी १९३९ मध्ये त्याला पाहिले होते त्यांना तो परत दिसला, पण थोड्याच वेळापुरता.

१९४८ च्या हंगामात ५७ धावांत ३०१ यार्ड. १२ डिसेंबरला कोलिझियमवर केनी वॉशिंग्टन दिवस साजरा झाला, शहराने त्याचा सत्कार केला आणि तो निवृत्त झाला. तीन हंगाम, १४० धावा, ८५९ यार्ड, आठ टचडाऊन. एवढेच त्याच्या नावावर जमा आहे. १९५० मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या बेसबॉल संघाच्या सरावात त्याने नशीब अजमावून पाहिले, जमले नाही. त्याच वर्षी आलेल्या जॅकी रॉबिन्सनच्या जीवनावरील सिनेमात त्याने छोटी भूमिका केली. जुना सोबती जॅकी नायक म्हणून पडद्यावर स्वतःलाच साकारत होता आणि केनी त्याच चित्रात बाजूला उभा होता. असे प्रसंग माणूस कसे पचवतो, आम्हाला कळत नाही. २४ जून १९७१ रोजी, बावन्नाव्या वर्षी, केनी वारला. त्यानंतर रॉबिन्सनने लिहिले की आपण पाहिलेला सर्वांत थोर फुटबॉलपटू केनीच होता, आणि देशपातळीवर त्याला जे स्थान मिळायला हवे होते ते न मिळाल्याची खोल जखम त्याच्या मनात असणार. रॉबिन्सन स्वतः पुढच्याच वर्षी गेला.

मार्शलचा संघ सर्वांत शेवटी वाकला. १९६२ पर्यंत त्याने एकही कृष्णवर्णीय घेतला नाही. त्याचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर उभे राहिले होते. केनेडी सरकारने बजावले की भेदभाव चालू ठेवाल तर मैदान मिळणार नाही. तेव्हा तो वाकला. सोळा वर्षांपूर्वी हार्डिंग यांनी जी गाठ बांधून दाखवली होती तीच पुन्हा वापरावी लागली. आज त्या लीगमधले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. संघांच्या मालकांबद्दल तसे म्हणता येत नाही.

ओहायोतल्या कँटन गावी या खेळाचे मानाचे दालन आहे, हॉल ऑफ फेम. तिथे थोर खेळाडूंचे अर्धपुतळे बसवतात. मोटली १९६८ मध्ये आत गेला, विलिस १९७७ मध्ये. कॉलेज फुटबॉलच्या वेगळ्या दालनाने केनीला १९५६ मध्येच मानाने घेतले. कँटनच्या दालनात मात्र तो नाही. कारण काय, तर कारकीर्द फार छोटी, आकडे फार थोडे. वाचकांनी हे तर्कशास्त्र नीट पाहावे. बारा वर्षे दार बंद कोणी ठेवले, तर या लीगने. बाविसाव्या वर्षी परत कोणी पाठवले, तर या लीगने. आणि आता तीच लीग हिशेबाची वही उघडून विचारते, तुझे यार्ड इतके थोडे का. बंद दाराबाहेर घालवलेली वर्षे ज्याची गेली त्याच्या खात्यात उणे धरायची, आणि ज्याने दार लावले त्याच्या खात्यात काहीच नाही. आपल्याकडे गुणवत्तेचा टेंभा मिरवणारे कोणती वही उघडून बसतात ते आमच्या वाचकांना ठाऊकच आहे.

२०२२ मध्ये कँटनच्या संस्थेने केनी, स्ट्रोड, मोटली आणि विलिस या चौघांना मिळून अग्रदूतांसाठीचा राल्फ हे पुरस्कार दिला. चौघांपैकी कोणीही तो घ्यायला हयात नव्हता. रॅम्सच्या विक्रमांच्या यादीत सर्वांत लांब धाव या रकान्यापुढे आजही ९२ यार्ड लिहिलेले आहे, आणि नाव आहे केनी वॉशिंग्टनचे.